मागांच्या जागी कोर्ट

आमच्या घराला लागून एक लांबरुंद पत्र्याची शेड आहे. तिला आम्ही अजून कारखानाच म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरामागे असे कारखाने पुष्कळ. माझ्या सासऱ्यांनी तो बांधला तेव्हा छप्पर चांगलं उंच घेतलं होतं, कारण नक्षीच्या चादरी विणायच्या असल्या की मागाच्या डोक्यावर जेकार्डचा सांगाडा बसतो आणि त्याला उंची लागते. मधे खांब यायला नकोत म्हणून त्यांनी वर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या घातल्या. लोक तेव्हा म्हणाले, एवढा खर्च कशाला. आज त्या उंचीवर आणि त्या मोकळ्या जागेवर आमचं घर चालतं. चादरी मात्र तिथे विणल्या जात नाहीत. तिथे लोक पिकलबॉल खेळतात आणि तासाप्रमाणे भाडं देतात.

मी याच भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी दखनी, असं बोलत वाढले. लग्न होऊन आले तीही मागांच्याच घरात, त्यामुळे आवाजाची सवय करावी लागली नाही. झोपताना माग, उठताना माग. वीज गेली की उलट सगळी गल्ली जागी व्हायची.

माग बंद पडले ते एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग निम्मे माग नुसते उभे राहिले. विणकर म्हातारे झाले आणि त्यांची मुलं मोबाईलच्या दुकानात, हॉटेलात, पुण्यात कुठे कुठे लागली. बाहेरून पातळ, मऊ, छापील ब्लँकेटं आली आणि गिऱ्हाईक आमची चादर हातात घेऊन म्हणायला लागलं, "जड आहे हो." जड असणं हाच तिचा गुण होता. माझ्या नवऱ्याने, यांनी, बरीच वर्षं ओढलं. शेवटी माग भंगारात द्यायचं ठरलं.

भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली. बिडाचा माग उचलून नेता येत नाही, जागेवरच फोडावा लागतो. हे समोरच्या घराच्या ओट्यावर कारखान्याकडे पाठ करून बसून राहिले. यांना ऐकू कमी येतं. जन्मभर मागांमधे उभं राहिलेल्या बहुतेक माणसांचे कान असेच होतात. पण घणाचा दणका जमिनीतून येत असणार, कारण प्रत्येक घावाला यांचे खांदे थोडे वर जायचे. समोरच्या चाची चहा घेऊन आल्या. तो यांच्या हातात तसाच निवला.

त्यानंतर हे कारखान्यात गेले नाहीत. जेवायचे, पेपर वाचायचे, संध्याकाळी देवळापर्यंत चालून यायचे. विकल्या न गेलेल्या चादरींचे गठ्ठे माडीवरच्या खोलीत होते. ते अर्ध्या किमतीत मागायला एक व्यापारी येऊन गेला. यांनी त्याला खोलीसुद्धा दाखवली नाही.

आमची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा रिकाम्या कारखान्यात टेप घेऊन फिरली. मी दारात उभी होते.

"अम्मा, इथे दोन कोर्ट बसतात."

"कसली कोर्टं?"

तिने मोबाईलवर दाखवलं. टेनिससारखंच, पण जागा लहान. हातात लाकडी फळीसारखी बॅट, तिला पॅडल म्हणायचं. चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा. मधे कमरेएवढी जाळी. म्हातारी माणसंही खेळत होती.

"पुण्यात मी एका तासाचे पैसे भरते आणि तरी जागा मिळत नाही," ती म्हणाली. "सोलापुरात वरून बंद असं कोर्ट कुठे आहे? उन्हात कोण खेळणार इथे?"

मी म्हटलं, नान्नांना विचार. तिने त्यांच्याजवळ बसून, कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला करायचंय?"

"घर चालवायला काहीतरी करायला पाहिजे की."

"मग कर."

यापलीकडे यांनी त्यात लक्ष घातलं नाही. पतपेढीचं कर्ज माझ्या नावावर झालं. मुलगी पुण्याला परत गेली आणि सगळं माझ्यावर आलं.

पहिला धडा जमिनीने दिला. पुण्याहून आलेल्या कंत्राटदाराने जुनी फरशी घासून तिच्यावर निळा-हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेषा मारल्या. फार देखणं दिसायला लागलं. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. पण थोड्याच दिवसांत रंग फुगायला लागला, पापडासारखा. फुगला तोही सगळीकडे नाही. लांबट, चौकोनी, ओळीने. जिथे माग उभे होते नेमके तिथे. इतक्या वर्षांचं तेल फरशीत मुरलेलं, ते खालून वर येत होतं. मी त्या ओळी बघून कुठल्या जागी कोणता माग होता ते सांगू शकले असते. कंत्राटदार फोनवर म्हणाला, "मॅडम, जमीन तेल पितेय हे तुम्ही आधी सांगायचं ना." मी काय सांगणार होते? आमच्या घरात ते तेल कुणाला कधी वेगळं दिसलंच नव्हतं.

सगळी फरशी फोडून नवी ओतली. ऐन उन्हाळा, वर पत्रा. दुपारी आत उभं राहवत नव्हतं. त्यात आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि नव्या काँक्रीटला तर रोज पाणी मारायला हवं. टँकर मागवला. झाडलोटीला ठेवलेली बाई मूळची जेऊरकडची, नवरा इथे रिक्षा चालवतो. ती आणि मी दोघी पाइप धरून पाणी मारायचो. ती एकदा म्हणाली, "वैनी, लोक हितं नुसतं घाम गाळायला यिऊन वर पैसं बी देनार व्हय?"

"मुलगी म्हणते देतात."

"मग आपुन ह्यो जो गाळतोय त्याचं कोन देनार?"

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर हसण्याएवढंही अंगात राहिलं नव्हतं.

धंदा चालला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बुडाला. पहिले काही आठवडे नुसते बघे यायचे. मग एक डॉक्टर नवरा-बायको आले, त्यांनी त्यांचे मित्र आणले. मग नवी पेठेतले कापडाचे व्यापारी, दुकान उघडायच्या आधी. मग बँकेतले, कॉलेजातले, इंजिनिअर. वर्ष उलटायच्या आत सकाळ आणि संध्याकाळ भरून जायला लागली आणि कर्जाचा हप्ता कोर्टाच्याच कमाईतून जाऊ लागला. मुलगी फोनवर म्हणायची, "अम्मा, तू बिझनेसवुमन झालीस."

मी काय झाले होते ते मला माहीत होतं. अंधार असताना उठायचं, कुलूप काढायचं, दिवे लावायचे, जमिनीवरची धूळ ओल्या फडक्याने काढायची. सोलापूरची धूळ पत्र्याच्या फटीतूनही येते आणि नव्या रंगावर पाय घसरतो. मग लोक यायचे. त्यांचे बूट, त्यांच्या बाटल्या, त्यांची हसणी. कुणाला पंखा हवा, कुणाला पंख्याच्या वाऱ्याने चेंडू हलतो म्हणून नको. कुणी वेळ ठरवून यायचंच नाही आणि मग फोनवर म्हणायचं, "आम्ही खेळलोच नाही तर पैसे कसले?" वीज गेली की सगळे माझ्याकडे बघायचे, जणू वीज मीच घालवली. दुपारी कोर्ट रिकामं, पण दुपारी फोन चालू. संध्याकाळी पुन्हा सगळं. शेवटचा गट निघेपर्यंत माझी भाकरी गार झालेली असायची. हे जेवायला थांबायचे, बोलायचे काही नाहीत. मी ताटावर बसल्या बसल्या पेंगायचे.

थकवा नुसता कामाचा नव्हता. मागांच्या काळातही मी राबले होते, सुताच्या कांड्या भरल्या होत्या, चादरींना गोट शिवला होता. पण तेव्हा थकायचं तर घरातली सगळी थकायची. आता दिवसभर मी खेळणाऱ्या माणसांमधे होते आणि थकलेली मी एकटीच होते.

आणि मग एका सकाळी चाची आल्या.

चाचींचं घर आमच्या कारखान्याच्या अगदी समोर. मधे फक्त गल्ली. चाचांचा टेम्पो होता. आमच्या सुताच्या गाठी गोदामातून आणायचे आणि तयार चादरी स्टेशनवर पोचवायचे तेच. सासऱ्यांच्या काळापासून. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे, संक्रांतीला तिळगूळ त्यांच्याकडे, असं चालत आलेलं. चाचांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ते पलंगावर होते. मुलगा आखातात, सून माहेरी गुलबर्ग्याला. सगळं चाची एकट्या करायच्या.

त्या दारातच उभ्या राहिल्या. आत कोर्टावर खेळ चालू होता. चाची माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलतात.

"बेटी, एक बात बोलूं क्या? गुस्सा नको करू."

"बोला की चाची."

"तुझे लोक पहाटे खेळतात ना, ती वेळ जरा बदल. चाचांना रात्री झोप नाही. सगळी रात अंग दुखतंय. पहाटे कुठे डोळा लागतो, आणि तेव्हाच तुझं टकटक सुरू होतं."

मी दमलेली होते. आदल्या दिवशी कुणीतरी जाळीचा खांब वाकवला होता. मी म्हणाले, "चाची, इथे माग चालायचे तेव्हा चाचा झोपायचे की. त्याच्या मानाने हा आवाज काय आहे?"

चाचींना राग आला नाही.

"माग चालायचे तर एकसारखा आवाज होता बेटी. एकसारखा आवाज झोप आणतो. हे कसं आहे, एक टक् झालं की दुसरं कधी येतंय त्याची वाट बघत पडून राहतो माणूस. कधी लगेच येतं, कधी येतच नाही. इनो तो बस छत कू देखते पडे रहते."

एवढं बोलून त्या गेल्या. त्यांचं दूध गॅसवर होतं.

मी परत खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून ऐकलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट ऐकलं. टक्. टक् टक्. मग काहीच नाही. मग कुणीतरी ओरडलं. मग टक्. चाची बोलल्या ते बरोबर होतं. मी नकळत पुढच्याची वाट बघत होते.

त्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू यायला लागला तो थांबेचना. स्वयंपाक करताना, अंघोळ करताना. कोर्ट बंद असतानासुद्धा.

पहाटेचा तास म्हणजे डॉक्टरांचा गट. सगळ्यांत जुना, पैसे वेळेवर देणारा, आणि ज्याचं बघून बाकीचे आले तो. मी त्यांना सांगितलं की समोर आजारी माणूस आहे, सूर्य उगवल्यावर या. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, "मॅडम, पटतं मला. पण त्या वेळेला माझं हॉस्पिटल सुरू होतं." मी म्हटलं, मग चेंडू तरी मऊ वापरा, आवाज न करणारा मिळतो म्हणे. मुलीने पुण्याहून पाठवलेले स्पंजासारखे चेंडू मी पुढे केले. त्यांनी दोन दिवस वापरले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "काकू, हा उसळतच नाही. मजा जाते सगळी." आणि होटगी रस्त्याकडे नवीन कोर्ट होतंय, त्याला वातानुकूलन असणार आहे, असंही कुणीतरी माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोललं.

मला मधल्यामधे काय करावं ते सुचेना. चाची त्यानंतर पुन्हा बोलायला आल्या नाहीत, आणि ते जास्त जड जात होतं. सकाळी त्या ओटा धुवायला बाहेर यायच्या. मी दिसले की मान हलवायच्या, पूर्वीसारख्याच. मी मात्र नजर चुकवून कुलूप काढायचे.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, भिंतींना आवाज शोषणारे जाड पडदे लावतात, आणि किंमत सांगितली. मी फोन ठेवला. जिन्याखाली बसले होते. वर माडीची खोली होती. जाड म्हणजे आणखी किती जाड, मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे देवळात गेले असताना यांच्या खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढून मी खोली उघडली. गठ्ठे व्यवस्थित होते. डांबराच्या गोळ्या बदललेल्या होत्या. म्हणजे हे मधून मधून वर येत होते, मला न सांगता. एक गठ्ठा मी आणि जेऊरच्या बाईने ओढत खाली आणला, सोडला, आणि गल्लीकडच्या भिंतीवर शिडी लावून चादरी ठोकायला सुरुवात केली. ती चादर धरायची, मी खिळा मारायचे.

तिसरी चादर लावत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"हे काय करतेस?"

हे आत उभे होते. दारात नाही, आत, निळ्या रंगावर, चपला काढून. कारखान्यात शिरताना चपला काढायची यांची जुनी सवय होती. मी शिडीवर होते. उतरायचं भान राहिलं नाही.

"आवाज जातोय चाचांकडे. त्यांना झोप नाही. म्हणून लावतेय."

यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. सगळ्या शेडमधे घुमलं.

हे भिंतीपाशी आले, चादरीचा काठ हातात घेतला, खिळ्यापाशी ताणलेला धागा बोटाने चाचपला. मला वाटलं आता बोलतील. गेली दोन वर्षं जे बोलले नाहीत ते सगळं.

"चादरीला खिळा मारतात का?" हे म्हणाले. "वजनाने फाटेल. आठवडा टिकणार नाही. उतर खाली."

मी उतरले. यांनी तीनही चादरी काढल्या, खिळे एकेक करून खिशात टाकले. मग भिंतीची लांबी पावलांनी मोजत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मधेच एका जागी थांबले. तिथे यांचा माग असायचा, लग्नानंतर पहिली काही वर्षं हे स्वतः विणायचे तो. मग पुढे गेले.

दुपारी मला म्हणाले, "नवी पेठेत जाऊन पितळी कड्या आण. पडद्याच्या. आणि जाड दोरा. पाइप मी बघतो."

पुढचे कितीतरी दिवस घरात शिलाई मशीन चालू राहिलं. हे चादरीच्या वरच्या काठाला दुमड घालून द्यायचे, मी शिवायचे. एक चादर नाही, दोन एकावर एक, मधे जुन्या टॉवेलांचा थर. अंगठ्याला फोड आले. त्यातच सकाळ-संध्याकाळ कोर्ट चालू. मी यांना एकदा म्हटलं, थोडं थांबून करू. हे म्हणाले, "तू झोप जा. मी करतो." मी झोपले नाही. पण कुणी झोप म्हटलं, तेवढं बरं वाटलं.

यांनी भिंतीपासून वीतभर पुढे पाइप बसवला आणि चादरी सपाट न लावता चुण्या पाडून सोडल्या. मोर, वेली, कोयऱ्या सगळं चुण्यांत दडून गेलं. मी म्हटलं, नक्षी दिसत नाही. हे म्हणाले, "नक्षी बघायला लावतोय का?"

आता आवाज कमी झाला का ते कळायचं कसं? यांना तर कळणार नव्हतं. मग ठरलं की मी चाचींच्या घरी जाऊन बसायचं आणि इथे खेळायचं. खेळणार कोण, तर हे आणि जेऊरची बाई. दुपारची वेळ होती, कोर्टावर दुसरं कुणी नव्हतं. यांनी पॅडल हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. बाईने पदर खोचला आणि म्हणाली, "सायेब, हळू मारा बरं, मला न्हाय येत." मी गल्ली ओलांडली.

चाचांच्या खोलीत औषधांचा आणि अत्तराचा मिसळलेला वास होता. चाचींनी मला स्टूल दिलं. चाचांचा डावा हात पांघरुणावर तसाच ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांनी हाक मारली. आम्ही तिघं ऐकायला लागलो.

आवाज आला. थांबून थांबून, कारण तिकडे चेंडू उचलायलाच जास्त वेळ जात असणार. पण तो टक् नव्हता. कुणीतरी लांब, जाड गादीवर काहीतरी टाकावं तसा होता. मधेच जेऊरच्या बाईचं हसणं ऐकू आलं, आणि मग यांचा आवाज, "अगं इकडे, इकडे मार." यांचा आवाज एवढा चढा मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात म्हणे. हे उलट बोलायचेच बंद झाले होते.

चाचांनी काहीतरी म्हटलं. शब्द नीट कळेना. चाची त्यांच्या तोंडाशी वाकल्या.

"पूछ रहे हैं, कोण खेळतंय?"

"हे," मी म्हणाले. "आणि आमची झाडलोटवाली."

चाचांच्या तोंडाची जी बाजू हलायची ती हलली. मग घशातून आवाज आला, गुरगुरल्यासारखा. मी घाबरले. चाची म्हणाल्या, "हँस रहे हैं," आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "चाची, चालेल का एवढा आवाज?"

चाची खरं बोलणाऱ्या. खोटं हो म्हणाल्या नाहीत. "आहेच थोडा. पण आता सोसंल. हौ, सोसंल. पहाटेचं तेवढं बघ."

पहाटेचा तास मी बंद केला. डॉक्टर काही दिवस आले नाहीत, मग संध्याकाळच्या शेवटच्या तासाला यायला लागले. त्यांच्यातले दोघं-तिघं होटगी रस्त्याच्या नव्या कोर्टाकडे गेले ते गेलेच. आमची कमाई थोडी घटली, हप्ता थांबला नाही. एक गोष्ट मी धरली नव्हती. नवीन येणारी माणसं चादरींपुढे उभी राहून फोटो काढायला लागली. एकजण विचारत होता, असा पडदा कुठे मिळेल. यांनी त्याला पडदा नाही, चादर आहे, असं बजावलं आणि माडीवर नेलं. त्याने दोन घेतल्या. पूर्ण किमतीत. यांनी कमी करून दिली नाही.

हिवाळा सरता सरता चाचा गेले. सकाळची वेळ होती, दोन्ही कोर्टांवर खेळ चालू होता. चाचींच्या घरातून आवाज आला तसे हे उठले. यांना तो कसा ऐकू आला मला माहीत नाही, कदाचित माझा चेहरा बघून उठले असतील. सरळ कोर्टाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करा. आज खेळ नाही." एकाने पैशांचं काहीतरी विचारलं. यांना ते ऐकू गेलं नाही, आणि मी परत सांगितलंही नाही. दिवे घालवले. जनाज्यामागे हे कब्रस्तानापर्यंत चालत गेले. चादरी आम्ही तिसऱ्या दिवशीच्या जियारतीपर्यंत, म्हणजे चाचांसाठीची प्रार्थना होईपर्यंत, बांधून ठेवल्या, कोर्ट उघडलं नाही.

चाचींचा मुलगा आला आणि त्यांना सुनेकडे गुलबर्ग्याला घेऊन गेला. जाताना चाचींनी घराची किल्ली माझ्याकडे दिली, कुंडीतल्या तुळशीला आणि सब्जाला पाणी घालायला. तुळस माझ्याकडूनच नेलेली होती, खोकल्याच्या काढ्याला. समोरचं घर बंद झालं.

पुढच्याच महिन्यात डॉक्टर आले. त्यांनी आधी चाचांची चौकशी केली, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खरंच वाटलं असावं. मग म्हणाले, "मॅडम, आता पहाटेचा तास परत सुरू करता येईल ना? आता तिथे कुणाला त्रास नाही."

मी हो म्हणणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढे पैसे वाढले असते, गेलेली दोन-तीन माणसंही परत आली असती. पण अंधारात उठून, ओलं फडकं घेऊन ओणवं व्हायचं, ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि माझे गुडघेच नाही म्हणाले.

"मला त्रास होतो," मी म्हटलं.

डॉक्टरांना वाटलं असावं, मी चाचांच्या आठवणीने म्हणतेय. मी त्यांचा समज दुरुस्त केला. "डॉक्टर, मी दमते. झोप पुरत नाही मला."

"बीपी वगैरे तपासलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसती दमते."

ते हसले आणि संध्याकाळच्याच वेळेला येत राहिले. एकदा येताना बीपीचं मशीन घेऊन आले आणि मला खुर्चीत बसवून तपासलं. ठीक होतं. म्हणजे नुसतं दमणंच होतं, त्याला औषध नाही.

मुलगी आता दुसऱ्या जागेसाठी माझ्या मागे लागलीय. जुळे सोलापुरात मोठी जागा भाड्याने मिळतेय म्हणते, चार कोर्ट होतील, माणसं ठेवू, तुला काही करावं लागणार नाही. मी यावर्षी नको म्हटलंय. काही करावं लागणार नाही असा धंदा मी अजून बघितला नाही. कदाचित पुढच्या वर्षी हो म्हणेन, कदाचित तिनेच येऊन करावं.

सध्या मोठं काम म्हणजे चादरी धुणं. धुळीने त्या जड होतात, आणि लोकांचा घाम, श्वास सगळं त्यांत बसतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आम्ही दोघं भिंतीच्या थोड्या चादरी काढतो, अंगणातल्या हौदाशी भिजवतो, पायाने तुडवतो. ओली दुहेरी चादर एका माणसाला उचलत नाही. एक टोक हे धरतात, एक मी. पिळून गच्चीवर वाळत घालायला नेताना जिन्याच्या मधल्या पायरीवर आम्हाला बसावंच लागतं. चादर मांडीवर, पाणी पायरीवरून खाली ठिबकतंय, हे धापा टाकतायत आणि मीही. श्वास जागेवर आला की हे माझ्या दंडाला हात लावतात, मग आम्ही उठतो आणि उरलेल्या पायऱ्या चढतो.